जुनी पुस्तकं, नको असलेल्या भेटवस्तू आणि संस्थेच्या खरोखर उपयोगी पडणं

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या पश्चात घरात पाच-सहाशे पुस्तकं उरली आहेत. कपाटात न उघडलेल्या भेटवस्तू साठल्या आहेत. शिवाय मुलीच्या येत्या वाढदिवसाला पाहुण्यांनी भेटी आणण्याऐवजी एखाद्या संस्थेला हातभार लावावा अशी इच्छा आहे. हे सगळं कसं केलं तर कुणाच्या तरी खऱ्या कामी येईल?

दानात आलेल्या वस्तू विकून निधी उभा करणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी बरीच वर्षं काम करतो आहे. पुढच्या बाजूला नीट मांडलेली पुस्तकं दिसतात. मागच्या खोलीत खोकी उघडायची, वास घ्यायचा, पानं चाळायची, निवडायचं, किंमत घालायची आणि उरलेल्याचं काय करायचं ते ठरवायचं. त्या खोलीतून पाहिलं की दानाविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच उरतो: निवडण्याचं काम कोण करणार? तुम्ही निवडून दिलंत तर संस्थेला वस्तू मिळते. न निवडता दिलंत तर संस्थेला काम मिळतं, आणि ते काम स्वयंसेवकाच्या वेळात, दुकानाच्या भाड्यात आणि कचरा उचलण्याच्या खर्चात मोजलं जातं. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी पुस्तकं, कारण तुमच्याकडे तीच जास्त आहेत आणि त्यांच्याबद्दलच सर्वाधिक गैरसमज असतात.

पुस्तक संस्थेला दोन अगदी वेगळ्या वाटांनी मदत करतं. एक, ते विकून पैसा येतो. दोन, ते कुणीतरी वाचतं, म्हणजे ते शाळेत, वाचनालयात, रुग्णालयात किंवा तुरुंगात जातं. या दोन वाटांना लागणारी पुस्तकं बहुतेक वेळा एकसारखी नसतात. विक्रीच्या दुकानाला जुनी, दुर्मीळ, छापून संपलेली आवृत्ती हवी असते. शाळेला ती नको असते, तिला स्वच्छ, धडधाकट, आजच्या मुलांना वाचाविशी वाटणारी पुस्तकं हवी असतात, तीही त्या मुलांच्या भाषेत आणि त्यांच्या वयाला झेपतील अशी. रुग्णालयं संसर्गाच्या भीतीने जुनी पुस्तकं बऱ्याचदा नाकारतात. काही तुरुंगांत जाड पुठ्ठ्याची बांधणी चालत नाही, काही ठिकाणी पुस्तक थेट प्रकाशकाकडून किंवा दुकानातूनच यावं लागतं. म्हणून सगळी खोकी एकाच दारात नेऊन ठेवायचा बेत सोडून द्या.

विकून निधी उभारण्याची रीत जुनी आणि चांगली रुजलेली आहे. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरचं तिचं दुकान त्याच दशकाच्या अखेरीचं, आणि फक्त पुस्तकांचं पहिलं दुकान तिने १९८७ मध्ये त्याच शहरात काढलं. पण इतकी वर्षं मुरलेल्या दुकानांनाही नको तितकं दान येतंच. २०१६ साली वेल्समधल्या स्वॉन्झीच्या ऑक्सफॅम दुकानात एकाच गाजलेल्या कादंबरीच्या इतक्या प्रती जमल्या की तिथल्या लोकांनी त्या रचून चक्क किल्ला बांधला आणि पाटी लावली, की हे पुस्तक आता पुरे, त्यापेक्षा साठ-सत्तरच्या दशकातल्या गाण्यांच्या तबकड्या द्या. यातली गोम लक्षात घ्या. जे पुस्तक सगळ्यांनी विकत घेतलं, ते सगळ्यांच्याच घरातून एकदम बाहेर पडतं. तेव्हा 'हे तर फार खपलेलं पुस्तक आहे, सहज जाईल' हा अंदाज नेमका उलटा ठरतो.

मग जातं काय? स्वच्छ बालसाहित्य नेहमी जातं, पण चित्रं रंगवलेली आणि कोडी सोडवलेली नसावीत. कविता, नाटकं, प्रादेशिक इतिहास, चित्रकला, हस्तकला, संगीताची स्वरलिपी, जुने नकाशे यांना कमी पण हट्टी गिऱ्हाईक असतं. कुठल्याशा छोट्या संस्थेने छापलेली स्मरणिका किंवा एखाद्या गावाचा इतिहास दिसायला अगदी दरिद्री असतो, पण ज्याला तो हवा असतो तो वर्षानुवर्षं शोधत असतो.

न जाणारी यादी मोठी आहे. विश्वकोशांचे संच देऊ करणाऱ्यांना नाही म्हणताना मलाच वाईट वाटतं, कारण घरात त्यांची केवढी शान असते. पण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने २०१२ मध्ये छापील आवृत्ती थांबवल्याचं जाहीर केलं, बत्तीस खंडांची २०१०ची आवृत्ती शेवटची ठरली. जिथे छापणाऱ्यानेच हात टेकले तिथे आमचं दुकान काय करणार? अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, परीक्षेची जुनी मार्गदर्शकं, संगणक शिकवणारी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची पुस्तकं आणि प्रवासाच्या जुन्या माहितीपुस्तिका यांना वाचक नाही. वैद्यक आणि कायद्याची जुनी संदर्भपुस्तकं तर देऊच नका. औषधांच्या मात्रा बदलतात, कलमं बदलतात, आणि असं पुस्तक विश्वासाने वाचणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं. 'गरजूंना काहीही चालेल' हा विचार मनातून काढून टाका. तुम्ही स्वतःच्या मुलीच्या हातात जे पुस्तक देणार नाही ते दुसऱ्याच्या मुलीच्या हातातही द्यायचं नाही, एवढी चाळणी लावली तरी निम्मी निवड होते.

अवस्थेचं म्हणाल तर आधी नाक वापरा. कुबट वास येत असेल तर बुरशी आहे, मग ती डोळ्यांना दिसो न दिसो. बुरशी लागलेलं एक पुस्तक खोक्यातल्या शेजाऱ्यांनाही बाधतं, म्हणून ते तिथल्या तिथे वेगळं काढा. उन्हात वाळवलं की चालेल असं पुष्कळांना वाटतं. घरी वाचायला कदाचित चालेल, विकायला किंवा वाचनालयात ठेवायला नाही. कसर लागली की कागदाचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसतो, वाळवीने तर पोखरून आरपार मार्ग काढलेले असतात. कीड जिवंत असल्याची शंका असेल तर ते पुस्तक घराबाहेर काढताना पिशवीत बंद करून काढा. पानं पिवळी पडणं, कडांना तपकिरी ठिपके येणं हे वयाचं लक्षण आहे, त्याला हरकत नाही. सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका. ती पट्टी काही वर्षांत पिवळी होऊन कागद खाते, आणि पुस्तक खरोखर मोलाचं असेल तर तुमच्या दुरुस्तीने त्याची किंमत उतरते.

तसंच अर्पणाचं किंवा सहीचं पान फाडू नका. नाव लिहिलेलं दिसू नये म्हणून लोक पहिलं पान ओढून काढतात आणि धडधाकट पुस्तक अपुरं करून टाकतात. मालकाचं नाव असल्याने फारसं बिघडत नाही. लेखकाची सही असेल तर उलट भाव वाढतो. संग्राहकांच्या बाजारात जुन्या पहिल्या आवृत्तीवरचं सुटं कागदी वेष्टनसुद्धा अमूल्य असतं, पुष्कळदा पुस्तकाच्या किमतीचा मोठा वाटा त्या वेष्टनाचाच असतो. फाटकं आहे म्हणून ते फेकू नका. मात्र प्रत्येक पुस्तक उलटं धरून पानं एकदा फडफडवा. पत्रं, फोटो, नोटा, बँकेची कागदपत्रं असलं काहीबाही आम्हाला नेहमी सापडतं आणि ते परत कुणाला द्यायचं ते कळत नाही.

मोलाचं काही आहे का हे तपासायला तज्ज्ञ लागतोच असं नाही. साधारण १९७० पासूनच्या पुस्तकांवर आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळखक्रमांक, असतो, २००७ पासून तो तेरा अंकी झाला. तो क्रमांक जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर टाकला की लोक किती मागत आहेत ते दिसतं. लक्षात ठेवा, मागितलेली किंमत वेगळी आणि विकली गेलेली वेगळी. शंभर प्रती मिळेल त्या भावाला पडून असतील तर त्या पुस्तकाला बाजार नाही. क्रमांकच नसलेली जुनी पुस्तकं मात्र घाईने बाजूला टाकू नका, ती जाणकाराला दाखवा. जमाखर्चाचा माझा अनुभव असा की दानातल्या मोजक्या पुस्तकांतूनच बहुतेक पैसा येतो आणि बाकीची जेमतेम आपला खर्च भरून काढतात.

म्हणूनच तुमच्यासारख्या मोठ्या संग्रहासाठी माझा सल्ला असा असतो, की उत्तम वीस-पंचवीस पुस्तकं तुम्ही स्वतः विका आणि आलेली रक्कम संस्थेला द्या. यात कमीपणा काही नाही. बऱ्याच छोट्या संस्थांकडे विकायला ना जागा असते ना माणूस, पैसा मात्र त्यांना दुसऱ्याच दिवशी वापरता येतो. याच हिशेबावर मोठी कामं उभी राहिली आहेत. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००२ साली वापरलेली पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर विकून साक्षरतेच्या कामाला पैसा द्यायला सुरुवात केली, त्यातून बेटर वर्ल्ड बुक्स हा व्यवसाय झाला. तो व्यवसायच आहे, धर्मादाय संस्था नव्हे, आणि हा फरक दान करणाऱ्याने विचारून घ्यावा. रस्त्यावर ठेवलेल्या दानपेट्यांच्या बाबतीत तर नक्कीच. पेटीवर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि विक्रीतला किती वाटा कामाला जातो हे लिहिलेलं नसेल, नुसतंच हसऱ्या मुलाचं चित्र असेल, तर ती पेटी बहुधा व्यापाऱ्याची असते.

लांबच्या, गरीब प्रदेशात पुस्तकं पाठवायची कल्पना मनात असेल तर एका संस्थेचा प्रवास सांगतो. १९५४ साली बहामा बेटांच्या ब्रिटिश गव्हर्नरच्या पत्नी लेडी रॅनफर्ली यांनी तिथे वाचनालयाचं काम सुरू केलं. ब्रिटनमधून वापरलेली पुस्तकं गोळा करून ती बाहेर पाठवायची, असं ते काम वाढत गेलं. पुढे त्याचं नाव बुक एड इंटरनॅशनल झालं. आज हीच संस्था प्रकाशकांकडून कोरी पुस्तकं घेऊन पाठवते. कारण समजायला सोपं आहे. खोक्याच्या वाहतुकीला पुस्तक जुनं असो वा नवं, तेवढेच पैसे पडतात. मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? तुम्ही एकट्याने कुरियरने पाठवणार असाल तर आधी वजनाचा दर काढा. साधं कागदी बांधणीचं पुस्तक दोनशे-तीनशे ग्रॅम भरतं. चाळीस पुस्तकं म्हणजे दहा किलोच्या आसपास. बहुतेक वेळा त्या खर्चात तिथल्याच दुकानातून, तिथल्या भाषेतली नवी पुस्तकं घेता येतात.

खोकी लहान घ्या, एका माणसाला उचलता येतील एवढी. जड पुस्तकं खाली, आडवी ठेवा. सुतळीने करकचून बांधू नका, कडा कापल्या जातात. आणि दुकान बंद असताना दारात ठेवून जाऊ नका. एका पावसात सगळं रद्दी होतं, आणि ती रद्दी उचलण्याचे पैसे संस्था भरते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच.

आता भेटवस्तू. इथे अडचण वस्तूची कमी आणि मनाची जास्त असते. 'त्यांनी इतक्या प्रेमाने दिलं, ते देऊन कसं टाकायचं?' या अपराधी भावनेपायी वस्तू कपाटात जुनी होते, तिची मुदत संपते, आणि मग ती कुणालाच देता येत नाही. या भावनेवर संशोधन झालेलं आहे. गॅब्रिएल अ‍ॅडम्स, फ्रान्सिस फ्लिन आणि मायकेल नॉर्टन यांचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की भेट पुढे दिल्याने मूळ देणाऱ्याला वाईट वाटेल असं घेणाऱ्याला जेवढं वाटतं, तेवढं ते देणाऱ्याला प्रत्यक्षात वाटत नाही. एकदा दिली की ती तुमची झाली, असंच बहुतेक देणारे मानतात. तेव्हा मोकळ्या मनाने द्या. फक्त देणाऱ्याच्या रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं दुकान टाळा, एवढी लाज राखावी.

न उघडलेली, मूळ डब्यातली वस्तू दुकानाला सोनं असते. डब्यातली चिठ्ठी, तुमच्या नावाचं लेबल, कार्ड आधी काढा. आपल्या नावाचं कार्ड डब्यात तसंच ठेवून लोक वस्तू देतात, आणि गिऱ्हाईक ते उघडून मोठ्याने वाचतं. सौंदर्यप्रसाधनांची आणि खाण्याच्या वस्तूंची मुदत पाहा. विजेवर चालणाऱ्या वस्तूंची तपासणी केल्याशिवाय विकता येत नाही, म्हणून कित्येक दुकानं त्या घेतच नाहीत, आधी विचारा. शिरस्त्राण आणि लहान मुलांची गाडीतली आसनं वापरलेली असतील तर कुणालाच देऊ नका, कारण आतला तडा बाहेरून दिसत नाही. वापरायची राहिलेली भेटकार्डं असतील तर संस्थेला विचारून तिला हवी ती वस्तू त्यावर घ्या, पण कार्डाची मुदत संपायच्या आत. पावती हाताशी असेल तर वस्तू दुकानात परत करून पैसे दान करणं सगळ्यात सरळ.

वेळही महत्त्वाची. सणासुदीनंतर सगळेच जण एकदम कपाटं आवरतात आणि आमची मागची खोली छताला लागते. तुमच्याकडे जागा असेल तर पुढच्या सणाच्या महिना-दीड महिना आधी द्या. तेव्हा माल कमी असतो आणि भेट शोधणारं गिऱ्हाईक जास्त.

वाढदिवसाच्या बेताकडे वळतो. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांना विचारलं, की मिळालेल्या भेटीला तुम्ही स्वतः किती मोल द्याल. उत्तर आलं ते भेटीच्या खऱ्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून ते एक तृतीयांशापर्यंत कमी. जवळच्या मित्रांचा अंदाज बराच नेमका निघाला, लांबच्या वडीलधाऱ्यांचा सगळ्यात चुकला. कुणी म्हणेल भेटीला असं मोजणं रूक्ष आहे. आहेच, आणि भेटीतली माया त्या आकड्यात येत नाही. पण तुमचं कपाट कसं भरलं त्याचं उत्तर त्यात आहे.

'भेट आणू नका' असं नुसतं लिहिलं तर लोक रिकाम्या हाताने यायला संकोचतात आणि काहीतरी घेऊन येतातच. त्यांना नेमकं काहीतरी करायला द्या. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ मधल्या अभ्यासातही हेच दिसलं. देणाऱ्याला वाटतं की न सांगता आणलेली भेट जास्त विचारपूर्वक, घेणाऱ्याला मात्र आपण सांगितलेली वस्तू मिळाली की जास्त समाधान. म्हणून एकच संस्था निवडा, तीही मुलीला कळेल अशा कामाची. संस्थेकडून गरजेच्या पुस्तकांची यादी मागा आणि प्रत्येकाला त्यातलं एक नवं पुस्तक आणायला सांगा. पैसेच द्यायचे असतील तर ते थेट संस्थेकडे जाऊ देत. कुणी किती दिले हे तुम्हालाही न कळणं उत्तम, म्हणजे कुणाची कुचंबणा होत नाही. आणि मुलीला एखादी तरी भेट तिच्या हातात मिळू द्या, सगळ्या उदारतेचा भार एका मुलीच्या वाढदिवसावर टाकू नये असं माझं प्रांजळ मत आहे.

'तुमच्या नावाने एका कुटुंबाला शेळी' अशा धर्तीच्या भेटी आता पुष्कळ संस्था देऊ करतात. याची मुळं गरीब कुटुंबांना जनावरं देणाऱ्या हेफर इंटरनॅशनलसारख्या संस्थांत आहेत. डॅन वेस्ट यांनी सुरू केलेल्या त्या कामातून १९४४ साली पहिल्या सतरा कालवडी पोर्तो रिकोला गेल्या, आणि ज्याला कालवड मिळाली त्याने तिचं पहिलं मादी वासरू दुसऱ्या कुटुंबाला द्यायचं अशी अट होती. कल्पना सुंदर आहे. पण आजच्या अशा भेटपत्रांवर बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं की शेळी हे प्रतीक आहे आणि पैसे एकंदर कामात वापरले जातील. त्यात फसवणूक नाही, उलट मोकळा निधी संस्थेला जास्त उपयोगी असतो. फक्त मुलीला 'तुझी शेळी' असं सांगण्याआधी ते वाचा, नाहीतर ती तिचा फोटो मागेल.

आपत्तीच्या वेळी वस्तू पाठवण्याबद्दल एवढंच सांगतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउन गावी शाळेत गोळीबार झाला, तेव्हा जगभरातून तिथे साठ हजारांहून अधिक टेडी बेअर आले. गावाची वस्ती सत्तावीस-अठ्ठावीस हजारांची. शोकात बुडालेल्या गावाला ती खेळणी ठेवायला गोदाम शोधावं लागलं. अशा वेळी पैसे द्या, आणि वस्तू संस्थेने स्वतः नाव घेऊन मागितली तरच.

कराच्या सवलतीचा विचार करत असाल तर देशागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये 'गिफ्ट एड' योजनेत दुकान तुमची वस्तू तुमच्या वतीने विकतं आणि आलेली रक्कम तुम्ही दान करता, त्यामुळे करदात्याच्या दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. भारतात दानावर मिळणारी आयकरातली वजावट ('८०जी' म्हणून ओळखली जाणारी) वस्तूंच्या दानाला मिळत नाही. म्हणजे इथेही वस्तू विकून पैसे देणं जास्त सोयीचं ठरतं.

संस्थेशी बोलताना फार काही लागत नाही. किती पुस्तकं, कोणत्या भाषांत, साधारण कोणत्या विषयांची, अवस्था कशी, तुम्ही आणून देणार की त्यांनी न्यायची, एवढं लिहा आणि पुस्तकांचे कणे दिसतील असे कपाटाचे चार फोटो जोडा. आमच्यासारखा माणूस त्या फोटोंवरून पाच मिनिटांत सांगतो काय हवं, काय नको. तुम्हीही दोन गोष्टी विचारा: पुस्तकं विकणार की वाचायला ठेवणार, आणि न खपलेल्यांचं काय करणार. 'लगदा करायला देतो' असं सरळ सांगणारी संस्था मला 'सगळं वापरतो' म्हणणाऱ्या संस्थेपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. लगदा होणं हा पुस्तकाचा अपमान नाही, कोपऱ्यात बुरशी येत पडून राहणं जास्त वाईट. 'नको' असं उत्तर आलं तर रागावू नका, त्या नकाराने तुमची एक फेरी आणि त्यांची एक दुपार वाचते.

जमलं तर महिन्यातून एखादी दुपार मागच्या खोलीत या. जुन्या पुस्तकांची जाण असलेला माणूस आम्हाला शंभर पुस्तकांपेक्षा जास्त हवा असतो, आणि वडिलांच्या संग्रहात वाढलेल्या माणसाला ती जाण पुष्कळदा आपसूक आलेली असते.

राहिला प्रश्न वडिलांनी पेन्सिलीने खुणा केलेल्या, समासात टिपणं लिहिलेल्या पुस्तकांचा. विक्रीला ती अडतात, वाचनालय ती घेत नाही. वडील एखाद्या विषयाचे अभ्यासक असतील तर त्या विषयाच्या संशोधन संस्थेला एकदा विचारून पाहा, तिथे अशा टिपणांना किंमत असू शकते. नसतील, तर ती पुस्तकं आत्ता यादीत घेऊच नका. एका खोक्यात वेगळी ठेवा आणि वर तारीख घाला. बाकीची पुस्तकं गेल्यावर वर्षाने ते खोकं उघडून ठरवलं तरी चालेल, आम्ही काही कुठे जात नाही.